गुंडुलाचा उजवा पाय

केबिन काढली त्या आठवड्यात
गुंडुला हॉफमोकेल रजेवर होती.
परत आली तेव्हा तिच्या खुर्चीच्या जागी
मोठी काच, आणि काचेला नाक लावून
दोन पोरं बोगदा बघत होती.

न्युरेंबर्गच्या पोटातल्या त्या अंधाराची
एकवीस वर्षं ती एकटीच धनीण.
कुठे पाणी झिरपतं,
कुठल्या वळणावर रूळ दात खातात,
प्लेररच्या अलीकडे कुण्या मजुराने
खडूने काढलेली मांजर
हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
"ती बघ!" पोरं म्हणाली.
झालं.

आता निळं जाकीट, खिशात चौकोनी किल्ली,
हुद्द्याचं नाव लांबलचक.
म्हणजे डब्यांतून चालत राहायचं.
कुणाची बाळगाडी दारात अडकते,
शनिवारी रात्री कुणी बुटावर ओकतं.
पगार तेवढाच.
पाठदुखी गेली, हेही खरं.

फक्त उजवा पाय ऐकत नाही.
स्टेशन जवळ आलं की तो दाबला जातो
रिकाम्या फरशीवर.
गाडी थांबतेच.
पायाला वाटतं, आपणच थांबवली.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
गाडी फलाटाच्या अलीकडेच उभी राहिली.
ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, धीर धरा.
सातव्यांदाही म्हणाली, त्याच गोडव्याने.
एका म्हाताऱ्याने गुंडुलाची बाही धरली.
विचारलं काहीच नाही, नुसती धरून ठेवली.
दुसऱ्या हातात फोन.
कंट्रोलमधून पोरगेलासा आवाज:
"रुळावर काहीतरी आहे. यंत्रणेला माणूस वाटतोय.
तुम्हाला काय दिसतंय?"

काचेपलीकडे, फलाटाच्या उजेडात
चंदेरी कागदाचा फुगा लोळत होता,
चारच्या आकड्याचा.
कुणाचं तरी वय, दोरी तुटलेलं.

ती लगेच बोलली नाही.

अठ्ठ्याण्णव साली, याच मार्गावर,
तिने अख्खं अंग त्या पायात ओतलं होतं
आणि गाडी थांबली होती
एकोणीस मीटर उशिरा.
पेपरात दोन ओळी, 'एक इसम'.
नाव तिने विचारलं नाही. विचारायचं राहिलं.
आणि हे यंत्र फुग्यासाठी थांबतं.
रागवायचं तरी कुणावर?

"फुगा आहे," ती म्हणाली.
"मग हाताने आणा. सावकाश."
चौकोनी किल्ली, झाकण, बोटभर दांडा.
पायाखाली पेडल नव्हतंच.
पाय तरी दाबत राहिला,
म्हातारा बाही धरून उभा,
गाडी मुंगीच्या चालीने पुढे सरकली
आणि आकड्याच्या हातभर अलीकडे थांबली.

रात्री ड्यूटी संपताना तिने वहीत लिहिलं:
वस्तू: फुगा.
आकार: चार.
मालक:
इथे पेन जरा थांबलं.
मग 'माहीत नाही' लिहून
तिने बाहीवरच्या चुण्या न झाडता
जाकीट खुंटीला लावलं.