सदर

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला लागून
कडुनिंबाच्या अर्ध्या सावलीत माझं टेबल.
यंत्रावर ओला पंचा टाकून ठेवते,
मे महिन्यात कळा बोटांना चावतात.
अर्ज टाइप करून देते. पानाला तीस रुपये.
प्रश्नांचे पैसे घेत नाही.

कवडूजी हेडाऊ आले, तांडापेठेतून.
माग विकून सात वर्षं झाली,
बोटं मात्र अजून कागदाची कडही
धागा चाचपावा तशी चाचपतात.
"वाचा जी. मी तं गेलतो.
थे म्हणते गैरहजर."

नोटिशीत होतं:
सदर कार्यालयात सुनावणीस उपस्थित राहावे.

आणि हा माणूस सदरला गेला.
सेहेचाळीस डिग्रीत, डोक्याला दुपट्टा बांधून,
लिबर्टी चौकापासून गड्डीगोदामापर्यंत
एकेक पाटी वाचत.
एका बँकेत टोकन घेऊन तासभर बसलासुद्धा,
तिथला कूलर बरा होता म्हणाला.

सदर कार्यालय
तळाच्या पुसट शिक्क्यात गांधीबागेत होतं.
त्याच्या घरापासून वीस मिनिटं. पायी.

मी हसले, आणि लगेच लाज वाटली.
नागपूरच्या माणसाला सदर म्हटलं
तर सदरच दिसणार.
लिहिणाऱ्याला ते दिसलं नाही,
कारण त्याने हा शब्द लिहिलाच नव्हता,
मागच्या नोटिशीतून उचलला होता,
तिने तिच्या मागच्या.

मग पेन्सिल काढली.
वाढीव बांधकाम आढळून आले आहे.
कोणाला? कोणत्या तारखेला?
टेप लावून, की स्कूटरवरून जाता जाता?
वाक्य असं, की जणू भिंत स्वतःच चालत गेली
आणि म्हणाली, मी आढळले.
नियमानुसार. कोणत्या?
संबंधितांनी. या एका शब्दात
कवडूजी, त्यांचा वारलेला भाऊ
आणि हिंगण्याला राहणारे तीन पुतणे
दाटीवाटीने उभे.

"काऊन इतकं उकरता, मॅडम?"
"मागावर गाठ दिसली तर पुढे रेटायचात का?"
"रेटत होतो नं," ते म्हणाले,
"मजुरी वारावर होती.
मंग लुगडं वापस येये."

मी गप्प. मला दुसरं उत्तर हवं होतं.

सगळेच शब्द लबाड नसतात म्हणा.
परवा घ्या. त्याला दोन्हीकडे दारं,
एक कालच्या पलीकडे, एक उद्याच्या.
पण क्रियापद उंबऱ्यावर उभं असतं,
गेलो की जाईन, ते सांगून टाकतं.
माझी आई दवाखान्यातून बरं आहे म्हणायची,
त्या बरंला मी कधी पेन्सिल लावली नाही.
लावायला हवी होती का, अजून ठरत नाही.

अर्ज झाला. सात प्रश्न, सात ओळी,
प्रत्येक ओळीत एकच प्रश्न,
म्हणजे एकाचं उत्तर देऊन
बाकीचे गिळता येणार नाहीत.
उशिराचं कारण लिहिलं: सदर येथे गेलो होतो.
तसंच ठेवलं. वाचू दे त्यांना.

कवडूजींनी अंगठ्याने घडी दाबली.
"होऊन जाईल नं काम?"
"होईल हो."

आणि ऐकलं मी माझंच.
होईल. कोण करेल? केव्हा? कशावरून?
सकाळपासून दुसऱ्यांच्या शब्दांना उलटं टांगत होते,
आणि स्वतःचा एक, गुळगुळीत, बिनतारखेचा,
त्यांच्या हातात ठेवून मोकळी.

"कवडूजी, थांबा. होईल की नाही, मला माहीत नाही.
अर्ज घेतील, पोच देतील, एवढं माहीत आहे.
पोच घेतल्याशिवाय निघू नका.
मंगळवारी मीही येते."

त्यांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला,
दोन पावलं गेले, वळले.

"कोणता मंगळवार?
अन् येते म्हंजे कितीक वाजता, जी?"