शेरा : घर बंद

मे महिना, दुपारचे दोन.
पिंपळखुटीत कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन बसलेली.
माझ्या पिशवीत बावन्न फॉर्म,
भिंतीचा ताप मोजायची पिस्तुलासारखी मशीन
आणि चकचकीत ताऱ्यांची पानं.
घर विजेला किती सोसतं ते बघायचं,
एक ते पाच तारे दारावर चिकटवायचे, फोटो काढायचा.
घरामागे अठ्ठावीस रुपये. पेट्रोल आपलं.

ठवकरांकडे नवी स्लॅब, गुलाबी ऑइलपेंट.
मशीन छताला धरली : एक्कावन्न.
कूलर बादलीमागून बादली पीत होता
आणि सगळं घर डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन
एकाच खोलीत.
बिल मागितलं तर ठवकर नुसते हसले.
दोन तारे लावले.
पोरगा मागे आला, "मॅडम, फ्रिज पाचचा हाये,
त्याचे तरी धरा न."

लेनगुरेंकडे टिन.
टिनावर तुऱ्हाट्या, तुऱ्हाट्यांवर पोती, पोत्यांवर पाणी,
आणि माणसं बाहेर, समाजमंदिराच्या निंबाखाली.
एकच तारा. तोही दाराच्या तापल्या पत्र्यावरून
घसरत घसरत कडीपाशी येऊन थांबला.

शेवटचं घर बेनाबाई कुमरेचं.
कवेलू. दीड हात मातीची भिंत.
वाकून आत गेले आणि काही वेळ काहीच दिसेना.
मशीन : चौतीस.
मला वाटलं बिघडली. पुन्हा धरली. चौतीस.
एक बल्ब, बाजारातला एक पंखा, महिन्याला बावीस युनिट.
भिंतीसाठी फॉर्ममध्ये चार चौकोन :
वीट, दगड, सिमेंट, इतर.
मातीला चौकोन नाही.
मी टिचकी मारली, इतर. छतालाही इतर.
मोबाइलनं बराच वेळ गोल फिरवला
आणि सांगितलं : पाच.
गावात एकमेव.

बेनाबाई तेंदूची पुडकी बांधत होती,
सत्तर पानांचं एक, बोलता बोलता मोजणी न चुकवता.
"पाच म्हणजे?"
"म्हणजे गावातलं सगळ्यांत चांगलं घर."
तिचा हात थांबला. मोजणी गेली.
"चांगलं?
अवो, घरकुलाच्या यादीत नाव हाये माहं.
चांगलं लिहिसान त कापतीन न मले."

मी म्हटलं, ती यादी पंचायतीची, हा कागद विजेचा.
"कागद कागदाले वळखते, बाई."

मग तिनं बोट वर केलं.
कोपऱ्यात निळी ताडपत्री.
वांदरं उड्या मारतात, साली दोनशे कवेलू फुटतात,
कुंभारानं भट्टी मोडली, फेरणारा माणूस भेटत नाही,
मागच्या श्रावणात मण्यार पडली वाकळीवर,
पोट्टं बाजूले निजलं होतं.
"थंड हाये, हे खरं.
पण थंडाव्यानं वांदरं नाई थांबत."

ट्रेनिंगमधलं आठवून मी म्हटलं,
स्लॅब झाली की वरून चुना मारा, तीन हात.
तिनं मान हलवली,
पुढे सरका म्हणणाऱ्या कंडक्टरला हलवावी तशी.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : घर बंद.
पाठवा दाबलं. रेंज नव्हती.
ते खोटं तिथेच अडकून राहिलं,
ना गेलं, ना मागे आलं.
पाच तारे पिशवीत परत.
हिशेबात जास्तीचे निघतील, तेव्हा पाहू.

उठले, तर ती म्हणाली,
"काहून जाता एवढ्या उन्हात? उतरू द्या."
मडक्यातलं पाणी दिलं, पुढ्यात पानांचा ढीग सरकवला.

कागदावर बंद असलेल्या त्या घरात
मी चार वाजेपर्यंत बसले.
सत्तरपर्यंत मोजत.
दोनदा चुकले,
तिनं पुडकं सोडून पुन्हा मोजायला लावलं.