डेबरी

बाबांच्या तेरवीची पंगत.
भात, वरण, कोहळ्याची भाजी,
आणि त्यांना आवडायची म्हणून गुळाची बोंडं.
माझ्या बाजूला ओजल, भावाची पोरगी, आठ वर्षांची.
तिनं पहिला घास डाव्या हातानं उचलला.

बोलणी थांबली नाहीत. थोडी हळू झाली फक्त.
वाढणारा तिच्यापाशी वरणाची बादली घेऊन
उगाच उभा राहिला.
समोरच्या ओळीतून देऊकामाय म्हणाली,
"आत्यावर गेली."
कोणीतरी हसलं. वहिनीचं तोंड उतरलं.

मी सहा वर्षांची असेन.
बाबांनी मायच्या लुगड्याचा काठ फाडला
आणि माझा डावा हात कमरेला बांधला.
रागानं नाही. त्यांना राग यायचाच नाही फारसा.
वासराला बांधतात तशी सैल गाठ,
आणि दिवेलागणीला ती सोडून
मनगटाला टोरीचं तेल चोळायचे.
मला फक्त गाठ दिसायची.
त्यांना कुठल्या तरी मांडवात बसलेली मी दिसत असेन,
आणि चपला घालून
उठून निघालेले पाहुणे.

रोवणीला गेले तेव्हा बारा वर्षांची.
पेंडी डाव्या हातात, रोप उजव्या,
पंधरा बाया एका वाकानं मागे सरकतात.
माझं कोपर शेजारणीच्या कोपराला लागायचं.
"डेबरीले मधात नोका घेऊ, रांग मोडते."
मारलं नाही कोणी. शिवीसुद्धा नाही.
धुऱ्याकडच्या टोकाला ठेवलं नुसतं,
जिथं बायांचं हसणं पोचेपर्यंत
त्यातली गंमत संपलेली असायची.
पुढच्या साली मी उजव्या हातानं रोवलं.
तसं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

लाखांदूरहून बघायला आले
तेव्हा चहा उजव्या हातानं दिला. अर्धा बशीत.
होणारी सासू खूश. म्हणे, "लाजते पोरगी."
त्या सांडलेल्या चहावर माझं लग्न जमलं.

एक मात्र राहिलं.
बोडीवर धुणं आटोपलं, आसपास कोणी नसलं
की चपटी खापरी उचलायची
आणि डाव्या हातानं पाण्यावरून भिरकावायची.
चार टप्पे. सहा. एकदा नऊ.
मोजायला बगळा.
त्यानं पोट भरत नाही, पोरं मोठी होत नाहीत,
मोडलेली रांगही जुळत नाही.
नवऱ्याला कधी सांगितलं नाही,
माय गेली, तिलाही नाही.

तर ओजलनं दुसरा घास उचलला
आणि मी तिचं मनगट पकडलं.
विचार केला नव्हता. पंगतीनं केला असेल.
तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे.
"आत्या, तू तं डाव्या हातानं पकडलं."

"उजवा खरकटा होता," मी म्हणाले.
होताच. बोटांना वरण होतं.
पण इतकी नेमकी, इतकी चपळ पकड
उजव्याला पन्नास वर्षांत जमलेली नाही.

पोरगी शहाणी. इकडंतिकडं बघून
तिनं हात बदलला.
निम्मा भात पत्रावळीबाहेर.
देऊकामाय म्हणाली, "हं, आता कसं."
भावानं बोंडं पुन्हा फिरवायला सांगितली.

उद्या सकाळच्या एसटीनं मी परत जाईन.
बोडी घरामागंच आहे, पाणी भरपूर,
तिला नेता येईल. नेईन का, माहीत नाही.
लोक म्हणतील, बापाची तेरवी झाली नाही
तं लागली खेळायला.

आत्ता ती सपरीत झोपली आहे, तोंड उघडं टाकून.
मनगटावर माझी चार बोटं
पुसट, पण मोजता येतात.
बाबांची गाठ याहून सैल होती.