दोन तावदानांच्या मधे

त्या हिवाळ्यात आमच्याकडे धड घोंगडी एकच होती
आणि ती मला मिळायची नाही.
ती मिळायची एका लाकडी खोक्याला,
ज्यात कापसावर निजलेल्या
दोनशे अकरा कुप्या.

तिब्लिसीत वीज यायची रात्री दोन ते चार,
कधी तेवढीही नाही.
प्रयोगशाळेतले फ्रीज बंद पडले तेव्हा
आईने आणि तिच्या सोबतिणींनी सगळं वाटून घेतलं,
लग्नघरातलं उरलेलं अन्न वाटून नेतात तसं:
त्सियालाकडे हगवणीचे,
गुलिकोकडे विषमज्वराचे,
आमच्या वाट्याला चिघळलेल्या जखमांचे.
रोग नव्हेत. रोगाला खाणारे.

"जिवंत आहेत?"
"तसं ठाम कुणी सांगत नाही," आई म्हणायची,
"पण भूक आहे त्यांना."

भूक तर मलाही होती.

खिडकीच्या दोन तावदानांमधे वीतभर जागा,
पूर्वी तिथे चीज असायचं, लोणी असायचं.
आता खोकं.
चार अंशांवर ते सुखी.
शून्याकडे पारा घसरला की घोंगडी,
आणखी घसरला की खोकं माझ्या अंथरुणात,
आणि मी भिंतीकडे.

नवे मिळवायला आई पुलावर जायची,
दोरीला बाटली बांधून
सगळ्या शहराची गटारं जिथे मिळतात तिथे सोडायची.
एका शिपायाने हटकलं, बंदूक खांद्यावरून काढून:
"काय टाकतेस नदीत?"
"टाकत नाही बाबा. काढतेय."
त्याच्या बोटाला चिंधी होती, पिवळी पडलेली.
आईने ती पाहिली. दुसऱ्या दिवशी
एक कुपी कमी होती. दोनशे दहा.

परवा एक बाई आल्या,
औषधांचा इतिहास लिहितात म्हणे.
मी आईची वही दिली. हातमोजे घालून
त्या एकेक पान उलटत होत्या:
७ जानेवारी. खिडकी: चार. पाव: नाही.
८ जानेवारी. खिडकी: तीन. पाव: अर्धा.
मग थांबल्या.
"हा 'मझिया' कोणता वाण? यादीत सापडत नाही.
आणि ९ तारखेचं तापमान राहून गेलंय,
अख्ख्या वहीत तेवढाच रकाना कोरा."

मी चष्मा लावला.
९ जानेवारी. खिडकी:
आणि पुढे काही नाही.
खाली, समासात, घाईतल्या अक्षरात:
मझिया, एकोणचाळीस पूर्णांक चार.

घरात थर्मामीटरही एकच होता.

चहा निवत होता. बाई पेन्सिल धरून वाट पाहत होत्या.
मला एवढंच आठवतं, त्या रात्री
अंगावर काहीतरी जड होतं, लोकरीचं,
त्याला औषधांचा वास होता,
आणि खिडकीत
खोकं उघडं.