कप्पा चौदा

परकार मॅडमच्या ऐरोलीच्या घरात
फ्रिजला खेटून लोखंडी कपाट आहे.
चौदाव्या कप्प्यात, कापसावर, एक हाड.
माझ्या करंगळीहून जरासं लांब.
खालचं टोक तुटलेलं,
म्हणजे नेमकं जिथे बोटं सुरू झाली असती
आणि वाद संपले असते
तिथेच.

मी चित्रं काढते, ठिपक्यांची.
या एका हाडाला अकरा हजार ठिपके
आणि चष्म्याचा नवा नंबर.
खोबण दिसते तिथे ठिपके दाट.
दिसते की नाही, कळत नाही, तिथे
मॅडम म्हणतात, दर्शना, कागद कोरा सोड.

चिठ्ठी चार वेळा बदलली.
आधी बगळा.
मग कुणाचं तरी पत्र आलं, बगळ्याला अशी खोबण नसते,
मग रोहितांच्या पणजोबांचा चुलतभाऊ,
मग पाणकोंबडी,
मग पाणकोंबडीवर रेघ.
आता नुसतं ‘पक्षी. जागा अनिश्चित.’
त्यातलं ‘पक्षी’सुद्धा पेन्सिलीनं.

हे हाड चालत होतं तेव्हा
बगळा हा शब्द नव्हता,
बगळाही नसावा.

एकदा दिवाळे गावाहून हाशाकाका आला, माझा चुलता,
पिशवीत निवट्या घेऊन.
हाताला मासळीचा वास, म्हणून हाड उचललं नाही,
मागे हात बांधून वाकून पाहिलं.
“चिखलाचा पाय हाय.”
मॅडमनी वही उघडली. कशावरून?
काका गोंधळला. स्वतःच्या पोटऱ्यांकडे बघत राहिला,
चाळीस वर्षं खाडीत उभ्या राहिलेल्या.
“कशावरून म्हंजे... उभा रावाचा तो.”
त्याच्या लेखी पाखरांच्या जाती दोनच.
भरती आली की सरकणारी
आणि न सरकणारी.

मॅडमनी ते लिहून घेतलं. तारीखही घातली.
खोडलं नाही,
छापलंही नाही.

काल शेवटची आकृती दिली.
तुटलेल्या टोकाखाली, जिथे काहीच नाही,
एक ठिपका जास्तीचा पडला होता.
मॅडमनी भिंग धरलं, बराच वेळ धरून ठेवलं.
“हा हाडाचा नाही.”
नाही, म्हटलं.
“मग कसला?”
ब्लेड माझ्या हातात.
खिडकी उघडी होती, खालून गाळाचा वास येत होता,
आणि निवट्या अजून
बेसिनमध्ये तडफडत होत्या, काकानं
आजही आणलेल्या.