हाडातलं पाणी

एस्पेरान्स मावशी माडीची बाटली उघडून हुंगते.
"मेलीय ही. गोराईच्या पोरानं शिळी दिली."
तरी वाटीत ओतते, चिमूटभर साखर, कोमट पाणी,
वाटीवर बशी, बशीवर तिचा चष्मा,
आणि आम्ही दोघं ओट्याशी उभे.
उद्या पुतणीचं लग्न. चार किलो मैदा,
फोडलेली अंडी, नारळाचं दूध,
सगळं त्या एका वाटीपाशी खोळंबलेलं.
बऱ्याच वेळाने कडेला एक बुडबुडा.
"जिती हाय गो,"
ती मला नाही, वाटीला सांगते.

मी, तिचा भाडेकरू, गप्प.
दिवसभर हेच विचारून आलोय
एका मांडीच्या हाडाला.

हवालदार गिरजेंनी ते आणलं होतं, सीलबंद, नीट.
मागे एकदा त्यांनी लोणच्याची बरणी आणलेली,
तळाशी मोहरीची डाळ.
परत पाठवली तेव्हा म्हणाले, धुतली होती हो बायकोने.
या वेळी लेबलवर नंबर आणि एवढंच:
पुरुष, अंदाजे एकोणीस, माहीमची खाडी.
ठाण्याचा प्रश्न एका ओळीचा,
पाण्यात गेला तेव्हा श्वास चालू होता काय?

नव्या शलाकाला मी समजावतो,
खाडीत डायटम असतात,
काचेच्या डबीत राहणारं शेवाळ, डोळ्याला न दिसणारं.
बुडणारा माणूस पाणी आत ओढतो,
त्यातले बारीक डायटम फुप्फुसातून रक्तात उतरतात,
हृदय चालू असेल तर
मांडीच्या हाडातल्या मगजापर्यंत जातात.
मेलेल्याला कुणी टाकला असेल
तर खाडी फुप्फुसाच्या दारातच थांबते.
"आणि आपण पितो त्या पाण्यात?"
त्यातही असतात, म्हणून नळाखाली भांडी धुवायची नाहीत.
"मग आपल्या हाडात?"
पोटातून सहसा जात नाहीत, मी म्हणतो.
ती हातातल्या बाटलीकडे बघते
आणि झाकण लावून टाकते.

ॲसिडमध्ये उकळल्यावर मगज विरघळतो,
चिकटलेलं मांस विरघळतं,
काच तेवढी उरते.
भिंगाखाली होड्या, चाळण्या,
दात मोडलेल्या फणीसारखं काहीतरी.
शेजारच्या स्लाइडवर खाडीचं पाणी.
त्याच होड्या. तीच फणी.
मी रकान्यात लिहिलं: आढळले.
पाय घसरला, की कुणी ढकललं,
की आपणहून गेला,
यासाठी रकाना नाही.
असता तरी डायटमला काय माहीत?

संध्याकाळी फाटकापाशी त्याचा बाप होता.
वॉचमनने खुणेने दाखवला, की याने मला त्याला,
आता आठवत नाही.
हातात जेवणाचा डबा, न उघडलेला.
"साहेब, पोराला तरास झाला का?"
नातेवाइकांशी बोलायची परवानगी नाही आम्हाला.
म्हटलं, रिपोर्ट ठाण्यात जाईल.
तो म्हणाला, बरं.
जणू मी त्याला बसचा नंबर सांगितला होता.

"हात धुतलंस?" मावशी विचारते.
नळ सोडतो. पाणी बघत उभा राहतो
जरा जास्तच वेळ.
मग कोपरापर्यंत पिठात.
सैल, कोमट पीठ,
बोटांना धरून आत ओढणारं.
"जोरान मार. वारा जाऊदे त्याच्यात.
फुगा आतून पोकळ झाला पायजे,
नायतर वऱ्हाडी नावं ठेवतील."
मी मारतो. खालून वर, खालून वर.
खांदा भरून येतो तरी थांबत नाही,
तीच शेवटी मनगट धरते,
"बास रे. आता निजू दे त्याला."

परातीवर ओला पंचा,
पंच्यावर तिच्या नवऱ्याचा जुना कोट.
तिच्या खोलीतला दिवा जातो.
मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहतो.
दीडच्या सुमाराला
कोटाचं एक बटण
किंचित वर सरकतं.