नियम त्रेचाळीस

मामा, तुसां केनेल, कधी जिंकला नाही.
रुआँ शहरातले पत्त्यांचे तंटे
ज्याच्या पुस्तकावर हात ठेवून मिटत,
तो स्वतः पिके खेळायला बसला
की पान टाकण्याआधी इतका विचार करी
की समोरच्याची मेणबत्ती संपे.

अक्षर त्याचं कोंबडीच्या पायाचं. म्हणून लिहायची मी,
नवव्या वर्षापासून, हंसाच्या पिसाने.
रात्री-अपरात्री दार वाजे:
वाऱ्याने उलटलं ते पान खेळलं म्हणायचं का?
बायको मागे उभी राहून खोकली तर?
बदामाचे गुलाम दोन निघाले,
आणि पैसे तर लागलेत!
मामा सूपचा वाडगा सारून म्हणे,
"लिही. एक खोकला हा पुरावा नव्हे.
दुसरा आहे."

आम्स्टरडॅमहून त्याचंच पुस्तक चोरून छापून आलं,
नियम एकतीस गाळून.
त्या हिवाळ्यात बंदरावर दोन नाकं फुटली.
मामाने पान उजेडात धरलं,
म्हणाला, कागद आपल्यापेक्षा बरा आहे.

मग दिएपच्या एका खलाशाचं पत्र:
डाव चालू असता खेळणाराच मेला तर?
तीन आठवडे तो खळीच्या पातेल्यापाशी
नुसता ढवळत उभा.
चौथ्या सोमवारी सांगितलं,
"देणं वारसाने फेडावं.
मृताची पानं कोणी उलटू नयेत."
तो त्रेचाळिसावा. पुढे नियम नाही.

मार्चमध्ये, मीठकराचा कारकून दबोस्क समोर असताना,
बारा पानं हातात लावून झाल्यावर
मामा थांबला.
दबोस्कने अर्धी मेणबत्ती वाट पाहिली.
त्याला वाटलं, विचार करतोय.

तिसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊनच आला,
बोट नेमकं त्रेचाळीसवर. अकरा सू.
मी मोजून दिले. पावती घेतली.

ती बारा पानं सुतळीने बांधून
फडताळात पालथी ठेवलीत.
उरलेल्या विसांवर शेजारच्या पोरांना
आकडे शिकवते: सत्ता, अठ्ठा, नव्वा.
धाकटी पेरीन हुशार आहे.
काल विचारत होती, चौकटचा राजा कुठे गेला,
आणि किलवरची राणी, आणि चारही एक्के?

मी म्हटलं, आज एवढंच पुरे.